कोरडी थंडी

त्या मुलीनं माझ्यापुढे एक पुठ्ठा धरला आणि विचारलं, "आत्ता, ह्या क्षणी, तुम्हाला कसं वाटतंय?" एक्क्याऐंशी वर्षांत हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला असेल, पण उत्तरासाठी थांबलं कुणी नव्हतं. ही थांबली. पुठ्ठ्यावर सात चौकोन होते: खूप थंड, थंड, जरासं थंड, ठीक, जरासं गरम, गरम, खूप गरम. शेवटचे तीन जानेवारीतल्या विनिपेगमध्ये कुणासाठी छापले होते देव जाणे. दुपारचे बारा, उणे सत्तावीस, आणि चौकाच्या कोपऱ्यावरच्या नव्या काचेच्या टॉवरवरून घसरगुंडी करत खाली येणारा वारा माझा डावा कान गाजरासारखा किसत होता. डोळ्यांतलं पाणी पापण्यांवर गोठून पापण्या एकमेकींना धरून बसत होत्या. गुडघ्यांच्या जागी काय होतं ते मला सांगता आलं नसतं. आणि मी पाहिलं की माझं हातमोज्यातलं बोट आपणहून उठलं, पहिले तीन चौकोन ओलांडून गेलं आणि मधल्या चौकोनावर जाऊन टेकलं. ठीक. मुलीनं लिहून घेतलं. "कोरडी थंडी आहे ना," मी वर पुस्तीही जोडली. ती हसली, किंवा तिचा चेहरा तीन मफलरांच्या आत कुठंतरी हलला. मग तिनं आपली ढकलगाडी पुढे नेली. गाडीवर एक दांडा, दांड्यावर एक करडा चेंडू, आणि वाऱ्यावर गरगर फिरणाऱ्या तीन वाट्या.

मी बोटाकडे बघत राहिलो. चौतीस वर्षं शहराची बस चालवली त्या हाताचं हे बोट. ते मला न विचारता खोटं बोललं होतं. खोट्याचं मला वावडं नाही. बस चालवणं हा माझा धंदा आणि थापा हा जोडधंदा. सहासष्टच्या मार्चातल्या वादळात माझी सावली फुटपाथला चिकटली आणि तीन दिवस मी सावलीशिवाय बस चालवली, चौथ्या दिवशी वाफेनं सोडवून आणली, पण डाव्या खांद्याला जरा फाटली, हे मी इतक्यांदा सांगितलंय की काही प्रवासी उतरताना माझी सावली तपासून बघायचे. त्याच वादळात धुराड्यांतून निघालेला धूर गोठून छपरांवर पडला आणि आम्ही तो कुऱ्हाडीनं फोडून पुन्हा चुलीत घातला. पण ह्या थापा मी स्वतः, राजीखुशीनं, मिशीला पीळ देत मारलेल्या. हे मधल्या चौकोनावरचं खोटं माझं नव्हतं. मग कुणाचं? वारा कान किसतच होता आणि मला आमच्या जुन्या स्वयंपाकघरातला पिवळा दिवा दिसला. वडील रेल्वेच्या यार्डात डबे जोडायचे. त्या संध्याकाळी ते खुर्चीत बसले होते आणि आई त्यांचा बूट कात्रीनं कापत होती, कारण तो दुसऱ्या कशानं निघेना. आतली दोन बोटं मेणबत्तीच्या रंगाची झाली होती. वडिलांनी त्या बोटांकडे शेजाऱ्याच्या कुत्र्याकडे पाहावं तसं पाहिलं आणि म्हणाले, "कोरडी थंडी आहे. ओल असती तर पाय गेला असता." आणि बीटचं सूप मागितलं. बोटं गेली, वाक्य राहिलं. मी तेव्हा सहा वर्षांचा असेन. थंडी वाजते ती टोरंटोच्या लोकांना, हे मला त्या दिवशी कळलं, आणि आपल्याला जे होतं त्याला नाव नसतं, हेही.

आमचं घर त्याच चौकावर, नवव्या मजल्यावर. वर आलो तेव्हा माझी बायको स्लावका खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसली होती आणि तिची देखभाल करायला येणारी मारिविक तिचे पाय चोळत होती. मारिविक इलोइलोची, फिलिपिन्समधली. अकरा वर्षं झाली तिला इथं येऊन. "काय विचारत होती रे ती?" स्लावकानं विचारलं. मी बूट काढण्यात वेळ काढला. मारिविकनंच सांगितलं, लिफ्टमध्ये नोटीस लागली होती म्हणे. महापालिका चौकात वारा अडवायला लाकडी भिंत आणि सूचिपर्णी झाडं लावायच्या विचारात आहे. पण आधी शुक्रवारपर्यंत लोकांना विचारणार. चौकात थंडी वाजते असं निम्म्याहून जास्त लोक म्हणाले तर भिंत होणार, नाहीतर नाही. "तू काय सांगितलंस?" स्लावका म्हणाली. "सांगितलं, थंडी आहे म्हणून," मी म्हणालो. हे खोटं मात्र माझं स्वतःचं होतं. "बरं," ती म्हणाली आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागली.

टॉवर व्हायच्या आधी आम्ही दोघं रोज साडेबारा ते एक चौकातल्या बाकावर बसायचो. जानेवारीतसुद्धा. जुन्या बँकेची दगडी भिंत पाठीला असायची, समोर दक्षिणेचं ऊन, आणि तो दगड सकाळभर ऊन पिऊन दुपारी आमच्या पाठीला परत द्यायचा. स्लावकानं सव्वीस वर्षं कारखान्यात थंडीचे जाड कोट शिवले. समोरून जाणाऱ्या प्रत्येक कोटाची ती शिवण तपासायची. "हा माझ्या टेबलावरचा," म्हणायची, "आणि ह्याची बगल बघ, ही नताल्काची, तिला बगल कधी जमली नाही." माणसं तिला कोटांच्या आतून ओळखू यायची. मग बँक पाडली, टॉवर झाला, आणि वाऱ्याला चाळीस मजल्यांचा उतार मिळाला. दोन फेब्रुवारींपूर्वी स्लावका पावाची पिशवी घेऊन चौक ओलांडत होती. मी पलीकडे उभा होतो. तिनं पाऊल उचललं आणि ते खाली आलंच नाही, वाऱ्यानं ते घेऊन टाकलं. ती बर्फावरून माझ्याकडे घसरत आली, बसल्याबसल्या, हातात पिशवी तशीच, आणि तिच्या चेहऱ्यावर वेदना नव्हती, अपमान होता. खुबा मोडला. डॉक्टर म्हणाले, रोज बाहेर न्या, ऊन द्या, माणसं दिसू द्या. मारिविकनं दोनदा नेलं. दोन्ही वेळा दाराबाहेर पडताच वाऱ्यानं खुर्ची स्वतःभोवती फिरवली, जत्रेतल्या पाळण्यासारखी, आणि स्लावका म्हणाली, "मला वर घेऊन चल." त्यानंतर ती उतरली नाही, उन्हाळ्यातसुद्धा नाही. आमच्याकडे हिवाळा नोव्हेंबरात येतो आणि एप्रिलात जातो. असे दोन गेले. त्या दिवशी दुपारी सूप पिता पिता, अगदी सहज, मीठ मागावं तशी ती म्हणाली, "खरं सांगू, बोह्दान? मला आता बाहेरची आठवणसुद्धा येत नाही. बरंच झालं एका दृष्टीनं." मी चमचा खाली ठेवला. ती रडली असती तर मला सोसलं असतं. माझी आई शेवटच्या वर्षी असंच म्हणायला लागली होती, एकेका गोष्टीबद्दल, आणि जिची आठवण गेली ती गोष्ट परत आली नाही. आणि मी त्या चौकात उभं राहून 'ठीक' म्हणून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी मला डोनटच्या दुकानात सापडली, कॉफीचा पेला दोन्ही हातांत धरून, पीत नव्हती, नुसती धरून बसली होती. नाव जुसारा. ब्राझीलच्या रेसिफे शहरातली, इथल्या विद्यापीठात थंडीचा अभ्यास करायला आलेली. मी म्हणालो, "समुद्राकाठचं गाव सोडून थंडी शिकायला आलात? आमच्याकडे लोक ती विसरायला समुद्राकाठी जातात." ती म्हणाली, "काका, मला तुमच्या शहराचं नवल वाटतं. तीन दिवसांत दोनशे चौदा लोकांना विचारलं. एकशे नव्वद म्हणाले, ठीक. एकजण म्हणाला, जरासं गरम." "कोटाची बटणं उघडी होती का त्याची? पांढरी दाढी?" "हो." "तो बाल्दुर," मी म्हणालो. बाल्दुर माझा चाळीस वर्षांपासूनचा मित्र आणि शत्रू. त्याचे पणजोबा आइसलँडहून आले, आणि त्यानं एकतीस वर्षं पायी टपाल वाटलं. मी विचारलं, "तुमचा विश्वास बसला?" तिनं पेल्याकडे पाहिलं. "माझं यंत्र सांगतं, ह्या कोपऱ्यावर दहा मिनिटांत कातडी गोठेल. पण यंत्राला वारा कळतो, काका. थंडी कळते ती माणसालाच. म्हणून माणूस सांगेल ते धरायचं, हा आमचा नियम." "आणि तुम्हाला कसं वाटतं?" "मला? मला सोमवारपासून पाय नाहीत." मग हळूच म्हणाली, "मला वाटलं, दोष माझ्यातच आहे." कालचं उत्तर बदलता येईल का, मी विचारलं. नाही, म्हणाली, त्याच्यावर वेळ आणि तापमान पडलंय. पण उद्या परवा नवं देता येईल. शुक्रवारी दुपारी शेवटचं. मी मनात हिशेब केला. एकशे नव्वद माणसं. प्रत्येकाच्या घरात एक कापलेला बूट.

गुरुवारी मी सुरुवात केली. बाल्दुरला बसस्टॉपवर गाठलं, सगळं सांगितलं, स्लावकाचंही. त्यानं ऐकून घेतलं, दाढीतला बर्फ मोडला. "स्लावकासाठी मी टॉवर पाडून देईन," म्हणाला, "पण थंडी वाजते असं नाही म्हणायचो. वाजतच नाही तर कसं म्हणू?" "अरे, तुझे ओठ निळे पडलेत." "ते जन्मापासून." "बटणं तरी लाव." "बटणं लावली तर लोकांना वाटेल, मला थंडी वाजते." मी मारिविकला विचारलं. तिनंही मधलाच चौकोन दाखवला होता. "काका, पहिल्या हिवाळ्यात मी बसस्टॉपवर म्हणाले होते, थंडी वाजते. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी परतीचं तिकीट मागितलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, कोरडी थंडी आहे. तर एका बाईनं मला स्वतःची जागा दिली. नागरिकत्वाच्या परीक्षेपेक्षा तेच जास्त उपयोगी पडलं मला." संध्याकाळपर्यंत मी बावीस जणांशी बोललो. बावीसच्या बावीस माझ्याकडे दयेनं बघत होते, म्हातारा चळला म्हणून. एक बाई तर म्हणाली, "तुमच्या बसमध्ये बसून तुमच्या त्या सावलीची गोष्ट ऐकतच मी लहानाची मोठी झाले. तुम्ही असं बोलायला लागलात तर आम्ही कुणाकडे बघायचं?" हे तिनं प्रेमानं म्हटलं. मला मात्र रात्री अंथरुणात दिसत राहिलं की चौतीस वर्षं मी दर फेरीला पन्नास माणसांना तोच जुना बूट घालून उतरवत होतो.

शुक्रवारी उणे एकतीस. आकाश निळं, काचेसारखं, वाजवलं असतं तर वाजलं असतं. चौकात तीसेक माणसं: बसची रांग, जेवायच्या सुट्टीतले कारकून, बाल्दुर बटणं उघडी टाकून, मारिविक सामान घेऊन परतताना मला बघून थांबलेली. जुसारा पुठ्ठा घेऊन माझ्यापुढे आली. मी हातमोजा काढला. मुद्दाम. त्या बोटाला मोज्यात राहून पुन्हा पळ काढता येऊ नये म्हणून. वारा बोटावर बसला, आधी सुईसारखा, मग विस्तवासारखा, मग कशासारखाच नाही. मी स्वतःच्या आत पाहिलं. जन्मात पहिल्यांदा मी तिकडे पाहत होतो, आपल्याच घरातल्या एका बंद खोलीत डोकवावं तसा, आणि ती खोली गच्च भरलेली होती. तिथं सहा वर्षांचा मी शाळेच्या वाटेवर रडत होतो आणि रडणं गालावर कडक होत होतं. तिथं पहाटे साडेचारची बस, जिचं हँडल हाताच्या कातडीचा तुकडा ठेवून घ्यायचं. तिथं वडील होते. त्यांना थंडी वाजत होती. त्यांना इतकी थंडी वाजत होती आणि त्यांना ते कुणी विचारलंच नव्हतं. माझे दात वाजू लागले. मी ते आवरले नाहीत. "मला थंडी वाजते," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण वापरलेला नव्हता, नवा कोरा. बोट डावीकडच्या पहिल्या चौकोनावर ठेवलं आणि पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "खूप थंडी वाजते."

बसचं दार उघडलं आणि कुणी चढलं नाही. मला वाटलं, आता ही माणसं मान फिरवतील, एखाद्याची पँट सुटल्यावर भले लोक फिरवतात तशी. बाल्दुर जवळ आला. "बरा आहेस ना रे?" तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला. "नाही," मी म्हणालो. "दोन वर्षं झाली, मला ह्या कोपऱ्यावर थंडी वाजते. अख्ख्या विनिपेगमध्ये एवढी थंडी कुणाला वाजली नसेल." शेवटचं वाक्य सवयीनं निसटलं, जोडधंद्याचं. पण ते बाहेर पडलं आणि मी बाल्दुरचा जबडा हललेला पाहिला. चाळीस वर्षं मी त्या जबड्याला ओळखतो. माझी सावली चिकटली म्हटल्यावर ह्याच जबड्यानं टपालाच्या पिशवीतल्या पत्रांवरचे पत्तेच गोठून गळून पडल्याचं सांगितलं होतं. "कुणाला नसेल?" तो म्हणाला. "तू? तू चौतीस वर्षं हीटरपुढे बसून काढलीस. थंडी म्हणजे काय हे तू मला सांगणार? बाई, इकडे या. लिहा. खूप थंड. ह्याच्या डावीकडे आणखी चौकोन आहे का?"

"नाही," जुसारा म्हणाली.

"मग काढा एक. एकतीस वर्षं पायी टपाल वाटलंय मी. माझी ही दोन बोटं बघा, ह्यांना एकोणऐंशी सालापासून काही कळत नाही."

"तुम्हाला दाढी तरी आहे," रांगेतली एक उंच बाई म्हणाली, तीच, सावलीच्या गोष्टीवर वाढलेली. "मी इथं रोज वीस मिनिटं उभी असते. मी नऊला कामावर पोचते, माझं तोंड साडेनऊला पोचतं. साडेनऊपर्यंत मी फोनच उचलत नाही."

"आणि मी?" मारिविकनं सामानाची पिशवी खाली ठेवली. "तुम्ही सगळे इथंच जन्मलात. माझी हाडं अजून इलोइलोत आहेत, इथं नुसती मी आलेय. लिहा ताई, माझं सगळ्यांच्या वर लिहा."

"रांगेनं या," बाल्दुर म्हणाला, "मी आधी होतो."

आणि माणसं रांगेनं आली. एका वकिलानं सांगितलं की चष्म्याची काडी गोठून कातडीला चिकटते म्हणून तो टॉवरमधून घरी जाताना चष्मा खिशात घालून आंधळ्यासारखा चौक ओलांडतो. बसचा ड्रायव्हर उतरून आला. प्रवासी सगळे खालीच असल्यामुळे त्याला वर बसून करायचं काही नव्हतं. जो तो आधीच्याला मागं टाकत होता, आणि मी, ज्यानं जन्मभर हा खेळ खेळला, तिथं उभा राहून ऐकत होतो आणि मला हळूहळू कळत गेलं की ह्या खेपेला कुणीच थाप मारत नाहीय. एवढ्या सगळ्या फुशारक्या, आणि शब्द न् शब्द खरा. जे कबूल करायला आमच्यातला एकही माणूस तयार नव्हता, तेच मिरवायला सगळे तयार होते. दोन वाजेपर्यंत बातमी आसपासच्या इमारतींत गेली, लोक जिने उतरून फक्त सांगायला येऊ लागले. साडेतीनला उन्हं कलली तेव्हा जुसाराचे छापील कागद संपले होते आणि ती डोनटच्या पिशव्या उलट्या करून त्यांच्यावर लिहीत होती, डोळ्यांतून पाणी वाहत, ते वाऱ्यानं की कशानं मी विचारलं नाही. त्या दुपारी तीनशे बारा लोकांना थंडी वाजली. बाल्दुरनं जाताना चारी बटणं लावली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी काही बोललो असतो तर त्यानं मला मारलं असतं.

भिंत ऑक्टोबरात उभी राहिली, देवदाराच्या उभ्या फळ्यांची, हातात धरलेल्या पत्त्यांसारखी वळवलेली, आणि फळ्याफळ्यांमध्ये दोन दोन बोटं फट. मी जुसाराला विचारलं, फटी कशाला, पैसे कमी पडले का. ती म्हणाली, भिंत सबंध केली तर वारा तिच्यावरून उडी मारून पलीकडे डोक्यावर उतरतो. फटी ठेवल्या की तो गाळला जातो, बोचरं सगळं बाहेर राहतं. मागं दाट सूचिपर्णींची रांग, पुढे दक्षिणेकडे तोंड करून बाक. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, स्लावका रोज म्हणायची, उद्या. मी आग्रह केला नाही. जानेवारीच्या अकरा तारखेला, उणे बावीस असताना, तिनं स्वतः मारिविकला कपाटातून कोट काढायला सांगितलं, स्वतः शिवलेला. लिफ्टमध्ये ती खुर्चीचे हात धरून बसली होती आणि दार उघडलं तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. भिंतीपर्यंतची वीस पावलं मी वाऱ्याच्या बाजूनं चाललो. मग आम्ही वळलो, आणि वारा थांबला. थांबला म्हणजे फळ्यांच्या पलीकडे तो होताच, दाराबाहेर ताटकळलेल्या पाहुण्यासारखा कुरकुरत. अलीकडे फक्त ऊन होतं, पांढरं, स्वस्थ, लाकडाच्या वासाचं. बराच वेळ तिनं डोळे उघडले नाहीत. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, पुठ्ठ्यावरचे सातही चौकोन एकामागून एक तिथून जाताना मला दिसले. मग तिनं खुर्चीचे हात सोडले. टोपी मागं सारली. समोरून एक मुलगी लाल कोट घालून गेली आणि स्लावका डोळे बारीक करून म्हणाली, "बगल बघ हिची. कुणी शिवली असेल? एवढी सुबक बगल मी दहा वर्षांत पाहिली नाही."

अर्ध्या तासानं माझी बोटं गेली, मग नाकही गेलं. "स्लावका," मी म्हणालो, "मला थंडी वाजायला लागली. वर जायचं?"

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रस्त्याच्या टोकाला दोन कोट येत होते. "तू जा," ती म्हणाली. "मारिविक आहे इथं. मी बसते."

मी वर आलो. बीटचं सूप गरम केलं. ती येईना, म्हणून पुन्हा गरम केलं. तिसऱ्यांदा गॅस पेटवताना माझ्या लक्षात आलं की कितीतरी वेळ मी शीळ घालतोय.